डावी टाच

आई दुधाची पिशवी आणायला उठली, तशी अक्षदा म्हणाली, "तू बस, मी आणते." कुबड्या तिनं भिंतीला टेकवून ठेवल्या आणि उजव्या पायावर लंगडी घालत गॅलरीच्या टोकाला गेलीसुद्धा. जिन्याजवळच्या खुंटीवरची पिशवी काढली, जागच्या जागी वळली आणि आली तशी परत. एकदाही कठड्याला हात लागला नाही, एकदाही तोल गेला नाही.

"ऑपरेशन झालंय असं कोण म्हणेल हिला बघून?" शेजारच्या सुभद्राकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या गुडघ्याला नुसती पट्टी बांधली होती, तर महिनाभर खाट सोडली नाही. पाणीसुद्धा हातात लागायचं."

अक्षदाला हे ऐकायला आवडायचं. लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तिचं कौतुक तसं नवं नव्हतं. उदयरंग क्रीडा मंडळाच्या लंगडीच्या संघाची ती कप्तान होती. लंगडी घालणारीनं एका पायावर उड्या मारत पळणाऱ्या मुलींना गाठायचं आणि हातानं बाद करायचं. पण वर धरलेला पाय जमिनीला लागला, की ती स्वतःच बाद. अक्षदा नेहमी डावा पाय वर धरून उजव्यावर खेळायची. मैदानात ती उतरली, की समोरच्या संघातल्या मुली आधीच कोपरे धरायच्या.

दिवाळीनंतरच्या एका सरावात मात्र ती पळणाऱ्यांमध्ये होती. तिची मैत्रीण ओवी लंगडी घालत मागे लागली होती. हुलकावणी द्यायला अक्षदा एकदम वळली. डावा बूट मातीत रुतला, अंग वळलं आणि गुडघा काही वळला नाही. आत काहीतरी टक् करून तुटल्याचं तिला स्वतःलाच ऐकू आलं. गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा एक दोर असतो, लिगामेंट, तो तुटला होता. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मांडीच्या मागचा एक तंतू काढून त्याचा नवा दोर करून बसवला. आता टाके सुकले होते, सूज ओसरली होती. बाकी काय, थोडे दिवस कुबड्या आणि मग झालं, असं अक्षदा धरून चालली होती.

घरात तिच्या लंगडीचं कौतुक नव्हतं ते एकट्या दत्ताराम आजोबांना. आजोबा गिरणीतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे आखडलेले, त्यामुळे जिना उतरणं त्यांनी सोडलंच होतं. दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि लाकडी जिन्यावर पाऊल वाजलं, की कोण येतंय ते सांगायचे. पोस्टमन, इस्त्रीवाला, सुभद्राकाकूंचा जावई. कुणाची चाल त्यांना चुकायची नाही.

"एकच पाय वाजतो हल्ली तुझा," ते म्हणाले.

"दुसरा आराम करतोय, आजोबा."

"फार झाला आराम. पोट सुटेल त्याला."

फिजिओथेरपीच्या खोलीत सलोनीताईंनी तिच्या कुबड्या काढून घेतल्या आणि सांगितलं, "त्या खिडकीपर्यंत चालून दाखव. घाई नको."

अक्षदा ऐटीत चालत गेली आणि आली. सलोनीताईंनी मोबाईलवर तिचं चालणं टिपलं होतं. त्यांनी ते तिच्यासमोर धरलं. पडद्यावरची मुलगी उजवा पाय टाकताना ठीक दिसत होती. डावा टाकायची वेळ आली, की तिचा खांदा उजवीकडे कलायचा, डावं पाऊल वाकल्या गुडघ्यानं चवड्यावर कसंबसं टेकायचं आणि तापलेल्या तव्याला लागल्यासारखं वर यायचं. सकाळपासून ऐकलेलं सगळं कौतुक अक्षदाच्या मनातून उतरलं.

"दुखतं का टेकवताना?"

"नाही."

"तेच मलाही वाटलं." सलोनीताईंनी टेप घेऊन तिच्या दोन्ही मांड्या मोजल्या. डावी चांगलीच रोडावली होती. "घरी कशी चालते हो ही?"

"चालते कुठे?" सोबत आलेली तिची आई रश्मी म्हणाली. "लंगडी घालते. अख्खी चाळ बघायला येते."

सलोनीताईंनी हातातला टेप टेबलावर ठेवला. मग त्या स्टूल ओढून अक्षदाच्या समोर बसल्या आणि आपल्या तळहाताचंच पाऊल करून टेबलावर दाखवू लागल्या. "हे बघ. आधी टाच टेकते, तेव्हा गुडघा सरळ लागतो. मग तळवा खाली येतो आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावरून पुढे सरकतो. शेवटी अंगठा जमिनीला मागे ढकलतो, तेव्हा पाय उचलायचा. तू टाच टेकवतच नाहीस. भार यायच्या आत पाय पळवून नेतेस. मग मांडीचा स्नायू म्हणतो, मला काम नाही, मी झोपतो."

"पण डॉक्टर म्हणाले, दोर पक्का बसलाय."

"बसलाय. त्यांनी त्यांचं काम चोख केलंय. तुझं हे लंगडणं दुखण्याचं नाही, सवयीचं आहे. दुखणं आपण होऊन जातं. सवय आपण होऊन जात नाही. ती तशीच राहिली, तर मी तुला पळायला सोडणार नाही आणि मैदान तर लांबच. आजपासून घरात लंगडी बंद. एक कुबडी ठेव, उजव्या हातात. टाच आधी, गुडघा सरळ, नाक समोर."

घरी करायला त्यांनी व्यायामही दिले. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची आणि गुडघा खाली दाबायचा, मांडी दगडासारखी घट्ट होईपर्यंत. अक्षदाला वाटलं, यात काय आहे. पहिल्याच दिवशी मांडी घट्ट व्हायच्या ऐवजी नुसती थरथरली आणि तिला घाम फुटला.

तिच्या जिवाला खरा घोर होता तो झेंड्याचा. फेब्रुवारीत नायगावच्या मैदानावर मुंबईतल्या सगळ्या मंडळांच्या लंगडीच्या स्पर्धा होत्या. उद्घाटनाला सगळे संघ संचलन करत मंचासमोरून जायचे. रिवाज असा होता, की गेल्या वर्षी जिंकलेलं मंडळ सगळ्यांत पुढे आणि त्याच्याही पुढे झेंडा धरलेली त्याची कप्तान. उदयरंगच्या मुलींनी इतकी वर्षं मागच्या रांगांतली धूळ खाल्ली होती. पहिल्यांदाच त्या पुढे चालणार होत्या. या वर्षी आपण खेळणार नाही, हे अक्षदानं गिळलं होतं. पण झेंडाही दुसऱ्याच्या हातात बघायचा, हे काही घशाखाली उतरत नव्हतं.

तो निर्णय राजलक्ष्मीबाईंच्या हातात होता. बाई गिरगावच्या, जुन्या घरातल्या. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी रोज संध्याकाळी बसनं लालबागला यायच्या आणि मंडळाच्या मुलींना खेळ शिकवायच्या. इस्त्रीची सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. कुणावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, आणि त्यांचं ऐकलं नाही असंही कुणी नव्हतं.

एका रविवारी त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आल्या. सोबत ओवीही होती. चहा झाल्यावर अक्षदानंच विषय काढला.

"बाई, झेंडा कोण धरणार?"

"तूच सांग," बाई म्हणाल्या. "मागच्या मुली कुठे बघून चालतात?"

"पुढच्या मुलीच्या पायांकडे."

"म्हणजे पहिलं पाऊल अडखळलं, तर ती अडखळ शेवटच्या मुलीपर्यंत जाते. मी तुला कीव म्हणून झेंडा देणार नाही, अक्षदा. आणि ऑपरेशन झालं म्हणून काढूनही घेणार नाही. स्पर्धेच्या आदल्या रविवारी मैदानावर ये. कुबडीशिवाय झेंडा घेऊन चाल. तोपर्यंत ओवी सराव करेल."

अक्षदानं ओवीकडे पाहिलं. ओवी खारी चहात बुडवण्यात गुंतली होती.

"जड आहे यार तो," ती म्हणाली. "वारा आला की खांदाच उखडतो. तू ये ना लवकर. मला मागे राहून गप्पा मारायच्यात."

"संचलनात गप्पा?" बाईंनी विचारलं.

"ओठ न हलवता, बाई."

मग बाईंनी अक्षदाला गॅलरीत चालायला सांगितलं आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. अक्षदा कुबडी घेऊन टोकापर्यंत गेली, वळून आली. बाईंनी पुन्हा चालायला लावलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी तिला थांबवलं, नेमकी डावा पाय टेकवायच्या क्षणी.

"आत्ता मनात काय आलं?"

"काही नाही."

"भीती वाटली? तुटेल अशी?"

"नाही, बाई. पाय टेकला ना, की..." अक्षदा अडखळली. मग तिला स्वतःचंच हसू आलं. "बाद झाल्यासारखं वाटतं."

ओवी खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. अवघड गणिताची नेमकी पायरी सापडावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

"दुसरीत होतीस, तेव्हापासून सांगत आलेय तुला. डावा खाली आला, की बाद. तू शहाण्या मुलीसारखं ऐकलंस. तुझ्या पायानंही ऐकलं. बिचारा अजून ऐकतोय."

"मग आता त्याला काय सांगू?"

"सांग, खेळ बदललाय. या खेळात डावी टाच खाली आली नाही, तर बाद. नवा खेळ आला, की पहिले काही दिवस सगळेच चुकतात. तू काय पहिल्या दिवशी लंगडीत तरबेज होतीस? चौथ्या उडीला तोंडावर पडायचीस."

त्या दिवसापासून घरात नवा खेळ सुरू झाला. अक्षदा विसरून वाकल्या गुडघ्यानं पाय टाकायची आणि आई ओट्यापाशी पाठमोरी असली तरी म्हणायची, "बाद." एकदा मोबाईल वाजला म्हणून ती खाटेवरून उठून सवयीनं लंगडी घालत गेली, तर सुभद्राकाकूंनी भिंतीपलीकडून ओरडून बाद दिलं. सगळ्या चाळीला पंच होता आलं, याचा आनंद अक्षदापेक्षा चाळीलाच जास्त झाला होता.

टाच टेकू लागली. गुडघा सरळ होऊ लागला. पण नवीनच अडचण आली. पावलाकडे बघत चालली, की बरोबर पडायचं; मान वर केली, की डावं पाऊल पुन्हा आखडायचं. सलोनीताई सांगून थकल्या, "नाक समोर, अक्षदा. जमिनीवर काही पडलेलं नाही." तिला ते कळत होतं. झेंडा धरल्यावर तर समोर काठी येणार, दोन्ही हात अडकणार, पाय दिसणारच नाहीत. मैदानावर जायचा रविवार जवळ येत होता, आणि डोळे वर केले की पाय जुन्याच खेळात शिरत होता.

एका दुपारी ती चिडून आजोबांच्या खुर्चीशेजारी उंबऱ्यावर बसली.

"दोन पायांत दोन माणसं चालतात तुझ्या," आजोबा म्हणाले. "उजवा ऐसपैस बसतो. डावा चटका लागल्यागत उठतो."

"तुम्हाला तर दिसत नाही नीट. कसं कळतं?"

"दिसतं त्यांना कळत नाही, म्हणून बसलीस ना अशी? खाटेखालची पेटी ओढ."

पेटीत अगदी खाली, जुन्या उपरण्यात गुंडाळलेले दोन चाळ होते. चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेले पितळी घुंगरू. संगमेश्वराकडच्या गावात आणि पुढे मुंबईतही आजोबा गणपतीत जाखडी नाचायचे. त्या नाचात सगळे गोल धरतात आणि प्रत्येक जण एकाच पायात चाळ बांधतो. सगळ्यांचे चाळ मिळून एकच वाजायला हवेत. एक चाळ आजोबांचा होता. दुसरा त्यांचा जोडीदार लवू, तो कायमचा गावाला गेला तेव्हा त्यांच्याकडे ठेवून गेला होता. लवूचे घुंगरू बारीक होते, आजोबांचे टपोरे.

"लवूचा डाव्या पायात बांध, माझा उजव्या. आणि चाल आता. खाली बघायचं नाही. ऐकायचं."

ती चालली. गॅलरीभर आवाज झाला. छम्... आणि मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम छिन्छम्. पुन्हा शांतता. पुन्हा छिन्छम्. डावं पाऊल टेकतं न टेकतं तोच उजवं त्याच्या अंगावर येऊन पडत होतं. इतके दिवस व्हिडिओत, आरशात, फरशीवर जे तिला शोधून शोधून दिसत नव्हतं, ते उघड वाजत होतं.

"लवूला बोलू देत नाहीस तू," आजोबा म्हणाले. "मधेच तोडतेस त्याला. त्याचं बोलून होऊ दे, मग माझा पाय टाक."

तिनं डावी टाच टेकवली आणि थांबली. लवूचे घुंगरू पूर्ण वाजू दिले. भार पुढे सरकला, अंगठ्यानं जमीन ढकलली, आणि मग उजवा पाय टाकला. छिन्. छम्. दोन पावलं बरोबर पडली, तिसरं घाईत गेलं. पण तिसरं चुकलं, हे तिला आजोबांच्या आधी कळलं. आणि तेव्हा तिची नजर समोर होती, गॅलरीच्या टोकाच्या तुळशीच्या डब्यावर.

चाळीला आणखी एक करमणूक मिळाली. "शिमगा लांब आहे अजून," खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. सुभद्राकाकूंनी विचारलं, "दत्ताराम भावजी, नातीला फडात उभी करताय की काय?"

"फड जिंकेल ती," आजोबा म्हणाले. "तुमच्या जावयाची चाल ऐका आधी. खिशात हात घालून जिना चढतो, एक दिवस पडेल."

सलोनीताईंना सांगताना अक्षदाला जरा संकोच वाटला. पण त्या म्हणाल्या, "आण की घुंगरू. मी इथे ठोक्याचं यंत्र लावून पेशंटना चालायला लावते, काम तेच. फरक एवढाच, की यंत्र तुला ताल देतं आणि हे तुझाच ताल तुला ऐकवतात." त्यांनी तिला चाळ बांधून चालवलं, आणि आजोबांना जे सांगता आलं नव्हतं तेही सांगितलं. ताल बरोबर आला, तरी खांदा अजून उजवीकडे कलत होता. कंबरेच्या डाव्या बाजूचा स्नायू कमी पडत होता. त्यासाठी कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम दिला. "आधी सारखं, मग जलद," त्या म्हणाल्या. "घाई केलीस, तर जलद लंगडशील. आणि संचलनात पाय आपटायचा नाही. टेकवायचा. कबूल असेल, तर कुबडी इथे ठेवून जा."

कुबडी तिथेच राहिली.

ठरलेल्या रविवारी उदयरंगच्या सगळ्या मुली मैदानाच्या कडेनं उभ्या होत्या. चाळ घरी होते. झेंड्याची काठी कंबरेच्या चामडी पट्ट्यात रोवून अक्षदानं दोन्ही हातांनी धरली. ओवी खोटं बोलली नव्हती. वारा आला, की काठी जिवंत झाल्यासारखी ओढ घेत होती. नेहमी कलकल करणाऱ्या मुली चिडीचूप होत्या, आणि त्या शांततेनंच तिला घाबरवलं. पहिली काही पावलं कशी पडली, ते तिचं तिलाच कळलं नाही. नजर खाली जायला बघत होती. समोर काठी होती.

मग तिला ते ऐकू आलं. मुरमावर बुटाचा आवाज. खस्स. खस्स. मधे एक आखूड, ओरखडल्यासारखा. म्हणजे लवूला तोडलं. तिनं डावी टाच टेकवली, गुडघा सरळ ठेवला, भार जाऊ दिला. खस्स. आता उजवा. पुन्हा डावा. मैदान संपेपर्यंत आवाज एकसारखा झाला होता.

वळून पाहते, तर बाई तिच्याकडे पाठ करून उभ्या.

"बाई, तुम्ही बघितलंच नाही?"

"नाही. ऐकलं." बाई वळल्या. "सुरुवातीला घाबरलीस. मग आपण होऊन सुधारलंस. कधीच न चुकणारी मला नकोच होती. झेंडा तुझा."

"सुटले," ओवी म्हणाली, आणि खांदा चोळत आपल्या रांगेत गेली.

उद्घाटनाच्या सकाळी नायगावच्या मैदानाला चारी बाजूंनी माणसं होती. आई मोबाईल धरून दोरीपाशी उभी होती. कर्ण्यांवरून संचलनाची धून लागली आणि निवेदकानं उदयरंगचं नाव घेतलं. अक्षदानं काठी सरळ केली आणि डाव्या पायानं सुरुवात केली. तसा रिवाजच असतो, पहिलं पाऊल डावं. टाच, तळवा, अंगठा. मागे तिच्या मुली, त्यांच्या मागे दुसरी मंडळं, लांबच लांब रांगा.

निम्मं मैदान पार झालं असेल, तेवढ्यात कर्णे एकदा किंचाळले आणि बंद पडले. धून मधेच तुटली. "हॅलो, हॅलो," निवेदकाचा बारीक आवाज माईकशिवाय ऐकू आला. मागच्या रांगांमध्ये पावलांची खिचडी झाली. कुणी थांबलं, कुणी पुढचीच्या टाचेवर पाय दिला, कुणी हसलं. आता थांबायचं असतं का, हे अक्षदाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण तिच्या पायांना त्या धुनीची गरजच नव्हती. कितीतरी दिवस ते आपलाच ताल ऐकत आले होते. खस्स. खस्स. ती मान वर ठेवून चालत राहिली, ना जलद ना हळू, आणि डाव्या पावलाचं बोलणं दर वेळी पुरं होऊ दिलं. चार पावलांत तिच्या मागच्या मुलींचा ठेका तिच्या ठेक्यात मिसळला. तिनं मागे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. आवाज वाढत गेला. उदयरंगच्या मागचं मंडळ त्यांच्या पावलाला आलं, त्याच्या मागचं त्याच्या, आणि मंचासमोर पोहोचेपर्यंत सबंध मैदानावर एकच मोठं पाऊल पडत होतं. दोरीपलीकडच्या लोकांनी त्याच ठेक्यावर टाळ्या धरल्या. कर्णे पुन्हा सुरू झाले, तेव्हा निवेदकानं धून लावलीच नाही. त्यालाही ऐकत राहावंसं वाटलं असावं.

अक्षदानं मंचासमोर झेंडा झुकवला. डावी टाच जमिनीवर पक्की टेकलेली होती.

"ओठ न हलवता सांगते," मागून ओवीचा आवाज आला, "मी रडतेय."

बाई दोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि अक्षदाला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी खेळायचं आहे. उद्यापासून व्यायाम चुकवायचा नाही." आईनं तोपर्यंत व्हिडिओ सलोनीताईंना पाठवलाही होता. त्यांचं उत्तर आलं, "खांदा सरळ आहे. शाब्बास. मंगळवारी ये, पळणं सुरू करू." अक्षदानं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, ओवीला वाचायला लावली, मग आईला.

घरी परतताना आई भाजी घ्यायला खालीच थांबली. अक्षदा जिन्याशी आली. ऑपरेशनपासून ती एकेका पायरीवर दोन्ही पाय जुळवत चढत होती. आधी चांगला पाय वर, मग दुखरा त्याच्या शेजारी. आज तिनं उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि डावा सरळ दुसरीवर. मांडीनं जरा कुरकुर केली, पण अंग उचललं. मग उजवा तिसरीवर. जुना लाकडी जिना करकरत होता, पण एकसारखा.

तिसऱ्या मजल्यावर आजोबा दाराशी खुर्चीत बसले होते. जिन्यावरचं पाऊल त्यांनी पहिल्या मजल्यापासून ऐकलं होतं. त्यांनी मान तिरकी केली, कपाळाला आठी घातली. इस्त्रीवाला नव्हता. सुभद्राबाईंचा जावई तर नव्हताच. पाऊल तरुण होतं, दमदार होतं, आणि ओळखीचं नव्हतं.

"कोण गो?" त्यांनी विचारलं.

अक्षदा गॅलरीच्या टोकाला थांबली. आजोबांना चाल ओळखता आली नाही, असं आजवर घडलं नव्हतं. तिला इतकं हसू आलं, की उत्तर द्यायला जरा वेळच लागला.

"मी, आजोबा," ती म्हणाली, आणि दोन्ही पायांवर चालत त्यांच्यापाशी गेली.